लग्नाचा फोटोग्राफर कसा निवडायचा: एडिटिंगच्या खुर्चीतून बघितलेलं

मी लग्नाचे फोटो एडिट करतो, म्हणजे कॅमेरा माझ्या हातात नसतो पण मेमरी कार्डातून निघालेला सगळा माल माझ्याकडे येतो, त्यामुळे इन्स्टावर ज्यांचं काम बघून लोक वेडे होतात त्यांचे उरलेले फोटो कसे असतात ते मला माहिती असतं. काहींचे उरलेलेसुद्धा चांगले असतात. काहींचे दहा फोटो जबरदस्त आणि बाकी सगळा आनंदीआनंद. तुम्ही पैसे देताय ते त्या बाकीच्यांसाठी, कारण आजीचा, मामाचा, कोपऱ्यात उभ्या असलेल्या कॉलेजच्या मित्रांचा फोटो त्या दहात नसतो. म्हणून खाली जे सांगतोय ते सगळं याच अंगाने आहे, की सरासरी फोटो कसा येईल हे आधीच कसं ओळखायचं.

पायरी १: फोन लावायच्या आधी घरात बोला

तारीख, ठिकाण, सकाळी किती वाजता सुरू आणि रात्री किती वाजता संपणार, एका वेळी दोन ठिकाणी काही चालू असणारे का, पाहुणे साधारण किती. एवढं कागदावर लिहा. दोन ठिकाणचं फार महत्त्वाचं आहे, कारण नवरा एका खोलीत तयार होतोय आणि नवरी दुसऱ्या इमारतीत, तर एकटा माणूस कितीही हुशार असला तरी एकीकडचं सुटणारच. पाहुणे दोनशेच्या वर गेले तरी मी दोन जण घ्या असंच सांगेन.

मग कोणाला काय हवंय ते. हे भांडण नंतर होण्यापेक्षा आधी झालेलं बरं. आई-वडिलांना सगळ्या नातेवाईकांसोबत सरळ उभे राहून, डोळे उघडे असलेले, चेहरा स्पष्ट असलेले फोटो हवे असतात, मुलांना कॅन्डिड हवं असतं म्हणजे कोणी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये असं. दोन्ही बरोबर आहे, फक्त दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी जमत नाही. जो ग्रुप फोटो लावत असतो त्याला तेव्हा मागे वडील डोळे पुसतायत ते दिसत नाही. त्यामुळे दोन्ही हवं असेल तर एक जण स्टेजवर आणि एक मोकळा फिरणारा, अशी टीम मागा.

अल्बम छापायचाय का, व्हिडिओ हवा का, रील हवेत का, हेही ठरवा. नाहीतर पॅकेज ऐकता ऐकता नको ते गळ्यात पडतं.

पायरी २: यादी छोटी ठेवा

चार-पाच नावं बास. वीस जणांना एकच मेसेज पाठवून रेट विचारला की वीस पीडीएफ येतात आणि त्यातून काही कळत नाही. नावं शोधायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे ज्यांचं लग्न होऊन वर्षभर झालंय असे ओळखीचे लोक. नुकतं लग्न झालेले नाहीत हां, त्यांना अजून फोटोच मिळालेले नसतात, ते खूशच असतात. वर्षभरापूर्वीच्यांना विचारा की फोटो कधी मिळाले, किती वेळा फोन करावे लागले, अल्बम आला का, म्हाताऱ्या माणसांशी कसा बोलत होता. दुसरी चांगली जागा म्हणजे तुमच्या हॉलचा मॅनेजर, त्याने तिथे कोण कसं काम करतं ते डोळ्याने बघितलेलं असतं. फक्त त्याचं कोणाशी कमिशन ठरलेलं असू शकतं हे डोक्यात ठेवून ऐका.

सोशल मीडियावरून नाव मिळालं तर एक-दोन गोष्टी तपासा. तीच तीच जोडी परत परत दिसत असेल, दोघंही मॉडेलसारखे, मागे कधीच पाहुणे नाहीत, तर ते बहुतेक खरं लग्न नाही, ठरवून केलेलं शूट आहे. वर्कशॉपमध्ये असं होतं, शिकवणारा लाइट लावून देतो, जोडी उभी करतो आणि शिकणारे सगळे तोच फोटो काढून आपापल्या पेजवर टाकतात. त्यात फसवणूक आहे असं नाही म्हणत, पण तुमच्या लग्नात लाइट लावून द्यायला कोणी नसणार आणि वेळही थांबणार नाही. आणि शंका आली तर फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा, दुसऱ्याचेच फोटो उचलून स्वतःचे म्हणून लावणारे महाभागही असतात.

पायरी ३: अख्ख्या लग्नाची गॅलरी मागा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. पोर्टफोलिओ बघू नका असं नाही, पण पोर्टफोलिओ म्हणजे अनेक लग्नांतून निवडलेलं सोनं असतं. तुम्हाला एकाच लग्नाचे, क्लायंटला दिलेले, पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे फोटो बघायचेत. सरळ सांगा की गेल्या वर्षभरातल्या दोन लग्नांच्या पूर्ण गॅलरी दाखवा, त्यातलं एक आमच्यासारख्या हॉलमधलं असू दे. क्लायंटच्या प्रायव्हसीमुळे लिंक पाठवत नसेल तर ते योग्यच आहे, त्याच्या ऑफिसात जाऊन त्याच्या स्क्रीनवर बघा. पण कुठल्याच प्रकारे दाखवायला तयार नसेल तर मी तिथेच थांबलो असतो.

आता गॅलरीत नक्की काय बघायचं. आउटडोअर, संध्याकाळच्या कोवळ्या उन्हातले जोडीचे फोटो पटापट पुढे ढकला, त्या उजेडात बऱ्याच जणांचे फोटो चांगले येतात. सरळ अंधाऱ्या हॉलमधल्या फोटोंवर जा. कमी उजेडामुळे चेहऱ्यावर वाळू टाकल्यासारखे बारीक दाणे दिसतायत का, किंवा दाणे काढायच्या नादात कातडी प्लॅस्टिकसारखी झालीये का. कपाळ चमकतंय आणि मागच्या भिंतीवर काळी कडक सावली पडलीये, म्हणजे फ्लॅश कॅमेऱ्यावर लावून सरळ तोंडावर मारलाय. जाणकार माणूस फ्लॅश छताकडे वळवतो म्हणजे उजेड पसरून खाली येतो, आणि छत फार उंच किंवा काळं असेल तर ही युक्ती चालत नाही, तेव्हा तो स्टँडवर वेगळे लाइट लावतो. हे आठवणीने विचारा, की छत उंच असेल तर काय करता. गोंधळला तर समजून जा.

मग ब्लॅक अँड व्हाइट फोटो मोजा. हसू नका, खरंच मोजा. थोडे असले तर आवड म्हणून केलेले असतात, पण रात्रीच्या कार्यक्रमाचे ढिगाने ब्लॅक अँड व्हाइट असतील तर ते बहुतेक आमच्यासारख्यांनी वाचवलेले फोटो असतात. स्टेजवरचे निळे, जांभळे, लाल एलईडी थेट चेहऱ्यावर पडले की त्या एका रंगाचाच उजेड कॅमेऱ्यात भरतो आणि कातडीचा खरा रंग फाइलमध्ये उरतच नाही, मग कितीही एडिटिंग करा परत येत नाही, रंग काढून टाकणं एवढंच हातात राहतं. चांगला फोटोग्राफर आधी जाऊन लाइटवाल्याला सांगतो की मुख्य विधी चालू असताना चेहऱ्यावर पांढरा उजेड ठेव. तो हे करतो का, तेही विचारायचं.

ग्रुप फोटो झूम करून बघा. मागच्या रांगेतले चेहरे शार्प आहेत का? पाठीमागचं धूसर करायची इतकी सवय झालेली असते की काही जण ग्रुपसुद्धा लेन्स पूर्ण उघडी ठेवून काढतात, पुढची रांग छान आणि मागचे काका-काकू धुक्यात. दोन-तीन रांगांचा ग्रुप असेल तर साधारण एफ ५.६ च्या आसपास जायला हवं (एफचा आकडा म्हणजे लेन्स किती उघडी ते, आकडा मोठा तेवढी लेन्स कमी उघडी आणि मागचंही शार्प). आणि कडेला उभे असलेले लोक आडवे ताणलेले, जाडे दिसतायत का, तसं असेल तर जागा नसल्याने फार वाइड लेन्सने काढलाय. एखादा असा फोटो चालतो, सगळे ग्रुप असे असतील तर नातेवाईक वर्षानुवर्षं ऐकवतील.

रंगाचं एक बघा. एकाच तासातल्या लागोपाठच्या फोटोंत नवरीच्या कपड्यांचा रंग बदलतोय का. पिवळे दिवे, खिडकीतून येणारं ऊन आणि वरून एलईडी असा मिसळलेला उजेड असला की हे जमवायला कष्ट लागतात आणि ते कष्ट घेतलेत का नाही ते लगेच दिसतं. सध्या तपकिरी-नारिंगी छटेचा जो प्रकार चालू आहे त्यात झाडं मातकट होतात आणि कपड्यांचे मूळ रंग जातात, आवडत असेल तर घ्या बापडे, पण मला विचाराल तर ज्या कपड्यासाठी तुम्ही महिनाभर दुकानं पालथी घातलीत त्याचा रंग फोटोत तोच दिसला पाहिजे.

आणि शेवटचं, गॅलरी सलग वाचता येते का. कोण आलं, काय झालं, मग काय झालं हे फोटोंवरून कळतंय का, की पन्नास फोटो फक्त दागिन्यांचे आणि डेकोरेशनचे आणि मुख्य क्षणाचे दोन. मुख्य क्षण झाल्यावर पुढच्या दोन सेकंदात आई-वडिलांच्या चेहऱ्यावर काय होतं ते पकडलंय का. मी तरी याच्यावरून माणूस ओळखतो.

पायरी ४: भेटा, निदान व्हिडिओ कॉल तरी करा

पहिला प्रश्न, आमच्या लग्नाला कॅमेरा घेऊन कोण येणार? स्टुडिओचं नाव एकाचं असतं, पेजवरचं काम दुसऱ्याचं असतं आणि तुमच्या दिवशी तिसराच येतो, हे या धंद्यात सर्रास चालतं. मोठ्या टीम एकाच तारखेला चार-चार लग्नं घेतात, त्यात वाईट काही नाही, फक्त जो येणार त्याचं नाव आणि त्याने स्वतः काढलेलं लग्न बघायला मिळालं पाहिजे. मी ज्या गॅलरीबद्दल वर बोललो ती त्याच माणसाची हवी, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

कॅमेरा कुठल्या कंपनीचा हे विचारू नका, त्याने काही फरक पडत नाही. हे विचारा:

- कॅमेऱ्याला दोन कार्ड स्लॉट आहेत का आणि प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहिला जातो का. कार्ड खराब होतात. नवीकोरी, महागडी कार्डंसुद्धा होतात.
- दुसरा कॅमेरा बॅगेत असतो का. लग्न परत घेता येत नाही.
- रॉ फॉरमॅटमध्ये काढता का, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल ठेवता का. जेपेगमध्ये उजेड-अंधार, रंग सुधारायला फार कमी वाव राहतो, रॉ फाइलमध्ये बराच असतो.
- अंधारासाठी कुठल्या लेन्स आहेत. एफ १.४ ची लेन्स एफ २.८ पेक्षा चौपट उजेड आत घेते, नुसती कॅमेऱ्याच्या खोक्यातच आलेली (किट) लेन्स घेऊन फिरणारा असेल तर हॉलमध्ये हाल होतात.
- लग्न संपल्यावर त्याच रात्री कॉपी करता का आणि किती ठिकाणी. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या डिव्हाइसवर, एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम आहे आणि तो पाळणारा माणूस बाकीही नीट करतो असा माझा अनुभव आहे.
- आजारी पडलात तर कोण येणार.

आता एक बारीक गोष्ट सांगतो जी मला सोडून कोणी सांगणार नाही. दोन फोटोग्राफर असतील तर विचारा की सकाळी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवता का. नाही जुळवली तर हजारो फोटो वेळेनुसार लावताना सगळी सरमिसळ होते, विधीच्या मध्येच जेवणाच्या पंगती, आणि मग डिलिव्हरी उशिरा का झाली त्याचं हेही एक कारण असतं. घड्याळ जुळवणारा भेटला तर समजा माणूस पद्धतशीर आहे.

आणि त्याला एक गोष्ट सांगायला लावा, एखाद्या लग्नात काहीतरी बिघडलं तेव्हा काय केलंत. पाऊस आला, लाइट गेले, दोन तास उशीर झाला, काहीही. जो म्हणेल आमच्याकडे कधीच काही बिघडत नाही त्याने एकतर फार लग्नं केली नाहीत किंवा खरं बोलत नाहीये.

बोलताना तुमच्याकडे लक्ष देतो का, का मध्येमध्ये मोबाईल बघतो, आजीला चढ्या आवाजात इकडे बघा इकडे बघा करेल का, हे पाहा. लग्नाच्या दिवशी हा माणूस आई-वडिलांपेक्षाही जास्त वेळ तुमच्या आसपास असणारे. काम थोडं डावं पण स्वभाव शांत, असा माणूस मी काम उत्तम पण अंगावर ओरडणाऱ्यापेक्षा कधीही आधी निवडीन, कारण वैतागलेल्या चेहऱ्याचं एडिटिंग होत नाही.

पायरी ५: कोटेशन एका रांगेत आणा

दोन कोटेशनची बेरीज बघून तुलना करू नका, आत काय आहे ते बघा. किती माणसं, किती तास, तासांच्या वर गेलं तर जादा किती, एडिट केलेले फोटो किती, अल्बमची साइज आणि पानं, प्रवास-राहणं धरलंय का, टॅक्स धरलाय का. एकाने सगळं धरलेलं असतं आणि दुसऱ्याने फक्त पहिल्या आठ तासांचं सांगितलेलं असतं, मग दुसरा स्वस्त वाटतो.

फोटोंच्या आकड्याला भुलू नका. दिवसभरात दोघे मिळून तीन-चार हजार क्लिक सहज होतात, त्यात मिटलेले डोळे, एकाच पोझचे दहा, फ्लॅश न पेटलेले असं सगळं असतं. नीट निवडून, एडिट करून एका फोटोग्राफरचे तासाला पन्नास ते शंभर फोटो ही ठीक संख्या आहे. सगळेच्या सगळे देतो म्हणणारा निवडायचं काम तुमच्यावर ढकलतोय.

रॉ फाइल मागायच्या का? बहुतेक जण देत नाहीत आणि खरं सांगू तर तुम्हाला उपयोगही नसतो, एकेक फाइल तीस-चाळीस एमबीची आणि साध्या फोनवर धड दिसतही नाही. त्याऐवजी पूर्ण रिझोल्यूशनचे, लोगो नसलेले जेपेग मागा. बारा बाय अठरा इंचाचं पान ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापायला ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून ते आरामात मिळतात, पण लहान करून पाठवलेल्या फाइलमधून मिळत नाहीत.

व्हिडिओ असेल तर आवाजाचं विचारा, चित्राचं सगळेच विचारतात. कॉलरचा माइक लावणार का, साउंड सिस्टीममधून थेट रेकॉर्डिंग घेणार का. नुसत्या कॅमेऱ्याच्या माइकवर हॉलचा गोंगाट येतो आणि मग वर गाणं चिकटवलं जातं, आणि ओळखीचं गाणं असेल तर अपलोड केल्यावर कॉपीराइटमुळे व्हिडिओ मुका होऊ शकतो. ड्रोन हवा असेल तर हॉलची आणि तिथल्या नियमांप्रमाणे लागेल ती परवानगी कोण काढणार हे आधी ठरवा.

घासाघीस करायची तर तास कमी करा, अल्बम नंतर करू म्हणा, ड्रोन काढा. तेवढ्याच कामाचा नुसता आकडा पाडलात की दुसरा माणूस शिकाऊ येतो किंवा एडिटिंग घाईत उरकलं जातं, मी त्या टोकाला बसलेलो असतो म्हणून सांगतो.

पायरी ६: लिहून घ्या

ओळखीतला असला तरी. ओळखीतला असेल तर जास्तच, कारण नंतर बोलायला अवघड होतं. कागदावर हवं ते असं: येणाऱ्या माणसाचं नाव, तारीख-वेळ-ठिकाण, काय काय मिळणार आणि किती दिवसांत, अल्बममध्ये किती वेळा बदल करता येतील, तारीख पुढे गेली किंवा रद्द झालं तर पैशांचं काय, तो येऊ शकला नाही तर काय, फोटो तो किती महिने सांभाळून ठेवणार आणि तुमचे फोटो तो सोशल मीडियावर टाकू शकतो का. हे शेवटचं बरेच जण विसरतात, फोटोंचे हक्क कोणाचे याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत म्हणून आपल्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं बरं. लहान मुलांचे फोटो टाकायचे नाहीत एवढं तरी लिहाच.

पैसे टप्प्याने द्या, बुकिंगला काही, लग्नाच्या दिवशी काही आणि शेवटचा हप्ता सगळं हातात पडल्यावर. शेवटचा हप्ता अगदीच नाममात्र ठेवू नका, तो राहिला असला की अल्बम वेळेत येतो.

पायरी ७: लग्नाच्या आठवडाभर आधी

दिवसाचं वेळापत्रक त्याला पाठवा. ग्रुप फोटोंची यादी करा, एकेका ग्रुपला तीन-चार मिनिटं धरा कारण कोणीतरी कायम बाथरूमला गेलेलं असतं, म्हणजे वीस ग्रुप म्हणजे तास-सव्वा तास, त्यामुळे यादी कापायची असेल तर आत्ताच कापा. दोन्ही घरांतला एकेक माणूस असा द्या ज्याला सगळे नातेवाईक चेहऱ्याने माहिती आहेत आणि ज्याचा आवाज मोठा आहे. घरातलं काही नाजूक असेल, कोणी नुकतंच गेलंय, कोणाचं कोणाशी पटत नाही, तेही कानावर घाला. टीमच्या जेवणाची वेळ आणि जागा ठरवा, दहा-बारा तास उभं राहून काम करणारा माणूस उपाशी असला की शेवटच्या तासाचे फोटो तसेच येतात.

पायरी ८: फोटो आल्यावर

लिंक आली की लगेच डाउनलोड करा, बऱ्याच लिंक काही महिन्यांनी बंद होतात. फोटो उघडून बघा, नुसता फोल्डर बघून ओके कळवू नका. काही फाइल अर्धवट कॉपी झालेल्या असतात, एखाद्या कार्यक्रमाचा फोल्डरच राहिलेला असतो, आणि हे आठवड्याभरात कळवलं तर मूळ फाइल अजून कॉम्प्युटरवर असतात, सहा महिन्यांनी कळवलं तर हार्ड डिस्क शोधण्यापासून सुरुवात. दोन वेगळ्या डिस्कवर आणि एक क्लाउडवर ठेवा. पेनड्राइव्ह कपाटात टाकून निवांत होऊ नका, वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला तर त्यातला डेटा जाऊ शकतो. नातेवाईकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवले की ते दाबून लहान होतात आणि मग कोणीतरी तेच छापायला देतं आणि नाव फोटोग्राफरचं खराब होतं.

अल्बमचं डिझाइन आलं की छपाईआधी नावांचं स्पेलिंग आणि तारीख दोन वेगळ्या माणसांकडून वाचून घ्या, आणि पानाच्या मधल्या घडीत कोणाचा चेहरा जातोय का ते प्रत्येक पानावर बघा.